दुसऱ्या सभागृहाची गोष्ट

पाच आठवड्यांपूर्वी सकाळी अक्काचा फोन आला, "तुझे दाजी गेले रं..." आणि दुःखाच्या आधी मला भीती वाटली. आता त्यांचा मुलगा संतोष आईशी बोलेल आणि माझी गोष्ट बाहेर पडेल, ही भीती. पहिला विचार असा आला, हे लिहितानाही लाज वाटते.

रामनगरला बेळगाव-गोवा रस्त्यावर दाजींचे ताडपत्री आणि दोरखंडाचे दुकान. संतोष अमेरिकेत संगणक अभियंता, कुशल कामगारांच्या व्हिसावर. तिथे कायम राहण्याच्या परवान्यासाठी भारतीयांची रांग फार लांब. गावी आलो आणि व्हिसाचा शिक्का अडकला तर नोकरी जाईल, या धास्तीने तो कित्येक वर्षे आला नव्हता. ती रांग कमी करणारे विधेयक तिथे मतदानाला आले, तेव्हा दाजींनी त्यावर नजर ठेवायचे काम मला सांगितले. आमच्या गावच्या, बाजारकुणंगच्या ग्रामसभेत ठरावाला वर झालेले हात मोजतो तो मी. माझी मोजणी चुकत नाही, असा लौकिक. बातमीतली बाजूची मते, विरोधातली मते आणि गैरहजर यांची बेरीज मी एकूण सदस्यांशी जुळवली आणि मगच दुकानात जाऊन सांगितले, "दाजी, ठराव पास."

"नक्की न्हवं?"

"बेरीज जुळवून बघितलीया."

दाजी समोरच्या ट्रक ड्रायव्हरला म्हणाले, "ऐकलंस? आमचा मेव्हणा हितनं अमेरिकेची डोकी मोजतोय! दोर मोजाय बसीवला तर हातभर कमी भरतोय." सगळे हसले, मीही. त्याच आठवड्यात बेळगावच्या डॉक्टरांनी त्यांच्या हृदयाच्या ऑपरेशनची तारीख दिली होती; लांबवू नका, असे बजावलेही होते. "संत्या येतोयच की आता," दाजी म्हणाले. "त्यो आला की करू."

दोन दिवसांनी संतोषचा फोन. "मामा, हे एकाच सभागृहात झालंय. दुसऱ्यात अजून व्हायचंय. मी सांगतोय तर बाबा ऐकत न्हाईत. मामानं मोजलंय म्हणतात. तुम्हीच सांगा त्यांना."

ग्रामसभेत एकदा हात वर झाले की ठराव झाला. आपल्याही संसदेला दोन सभागृहे आहेत, हे शाळेत शिकूनसुद्धा दुसऱ्याचा विचार माझ्या मनात आला नाही. ती चूक एक वेळ सोडून देता येईल, पुढची नाही. मी "सांगतो" म्हणालो आणि सांगितले नाही. दुकानात चार ट्रकवाल्यांसमोर हसे होईल, एवढेच कारण. पुढे ते विधेयक दुसऱ्या सभागृहात मतदानाला न येताच बारगळले, तेही वाचले आणि गप्प राहिलो. दाजी विचारत, "संत्याचं कुठवर आलं रं?" मी म्हणे, "सरकारी काम, दाजी... वेळ लागतोय." ऑपरेशनची तारीख निघून गेली.

संतोषने बापाचे अंत्यसंस्कार फोनवर पाहिले. बाराव्याला पाहुणे गेल्यावर अक्का दुकानात ताडपत्रीची घडी घालत होती. मी दुसरे टोक धरले.

"संत्या सांगत हुता, तुला आधीच कळलं हुतं म्हणून. व्हय रं?"

"व्हय, अक्का."

तिने घडी पुरी केली. मग म्हणाली, "दवाखान्याची तारीख हुती, त्या दुपारी तू हितंच जेवाय हुतास."

होतो. दाजींच्या शेजारच्या पाटावर. आमटी दोनदा मागून घेतली होती.