बायकोचं माप

दिल्लीत, करोल बागेत माझं ब्लाउज शिवायचं दुकान होतं. शाळा चौथीपर्यंत, पण बाई दारात उभी राहिली की नजरेनंच माप सांगायचो. त्याची मिजासही होती.

मुलगी गुडगावला, नव्या काचेच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर लागली. तिथला जुना कॉम्प्युटर तिनं स्वस्तात दुकानात आणला आणि मापांचा प्रोग्रॅम लिहिला.

"बाबा, प्रत्येक गिऱ्हाईक म्हणजे एक ऑब्जेक्ट."

"बायकांना ऑब्जेक्ट म्हणतेस?"

"ऐका तर. छाती, कंबर, उंची एवढंच तुम्ही भरायचं. बाहीचा मुंढा किती, कापड किती, ते साठवायचंच नाही. विचारलं की मशीन तेव्हाच्या तेव्हा काढतं. छाती बदलली की तेही बदलतं."

"हे मी डोक्यात करतो. फुकट."

पहिलं माप आईचं घालू, म्हणाली. बायको तिथेच हुक लावत बसली होती. मी वर न बघता छत्तीस सांगितलं.

"टेप तरी लावा."

"माझ्याच बायकोला टेप? मार्केट हसेल."

"असू दे गं," बायको म्हणाली. "मास्टरजींना शंका विचारायची नसते."

मशीननं बाकीचे आकडे काढले, त्यावर मी ब्लाउज बेतला. गणपतीत बायकोनं तो घातला. अगदी अंगासरसा बसला होता. मी मुलीला म्हटलं, "बघ."

थंडीत बायको अंथरुणाला खिळली. डॉक्टरनं विचारलं, वजन कधीपासून उतरतंय? परक्या बायकांचा अर्धा इंच मला दिसायचा. हिचं काही सांगता आलं नाही. मुलगी माझ्याकडे बघत होती. फाल्गुनात बायको गेली.

साड्या आवरताना तो ब्लाउज हाती आला. उलटा केला तर दोन्ही बाजूंना आतून धावदोरा. हातानं घातलेला, बारीक. तिनं घरी बसून तो आत घेतला होता. दुकानात शिलाई मशीन होतं, पण तिथे मी होतो. मुलीसमोर मी खोटा पडू नये म्हणून ती गप्प राहिली.

धावदोऱ्यापासून धावदोऱ्यापर्यंत टेप लावली, दुप्पट केली. बत्तीस.

दुकानात जाऊन एका बोटानं छत्तीस खोडलं, बत्तीस घातलं. मुंढा लगेच कमी झाला. कापडही.

"बाबा, आता कशाला? राहू द्या ना," मुलगी म्हणाली.

"माप चुकीचं होतं," मी म्हटलं.