धुतलेला डबा

मी कॉम्प्युटरवर राज्य चालवते, पण लढाई करत नाही. खेळाच्या सुरुवातीला नकाशाच्या एका कोपऱ्यात एक लहानसं गाव मिळतं. आजूबाजूला कॉम्प्युटरने चालवलेले राजे असतात. खेळणारे बहुतेक लोक आधी सैन्य उभारतात. मी आधी शेजाऱ्याकडे काय कमी आहे ते बघते. त्याच्याकडे मीठ नसेल आणि माझ्याकडे जास्त असेल, तर मीठ पाठवते आणि बदल्यात लोकर मागते. लोकर मला नको असते. पण ज्याच्याशी रोजची देवाणघेवाण आहे त्याच्यावर चालून जाताना राजा विचार करतो, एवढं त्या खेळात पक्कं बसवलेलं आहे. हरायची मला भीती वाटत नाही. जिंकल्यानंतर उरणारा मोकळा नकाशा मला आवडत नाही.

हे सगळं मी संध्याकाळी खेळते. आमचं घर डिंगोरे गावाच्या मळ्यात आहे, तिन्ही बाजूंनी ऊस, आणि उसात बिबट्या. अंधार पडायच्या आत दार लागतं. पुण्याला कॉलेज झालं, काम घरून करायचं मिळालं, म्हणून मी परत आले. मुलांच्या ऑनलाइन धड्यांमधलं इंग्रजी तपासायचं काम आहे. दिवसभर कोणाशी बोलावं लागत नाही. पहिलीपासून शाळेची पिवळी बस मला या मळ्यातून उचलून न्यायची आणि परत आणून सोडायची, त्यामुळे गावातल्या कुठल्याच मुलीशी माझी मैत्री झाली नाही. माझ्याशी आपणहून बोलायची ती एकटी काकी.

काका-काकींचं घर उसापलीकडे. मध्ये दोन्ही घरांची सामाईक विहीर. मी त्यांच्याकडून निघाले की काकी ओट्यावर उभी राहायची आणि मी आमच्या फाटकात शिरेपर्यंत ओरडत राहायची, "पोचलीस का गं?" मी "पोचले!" असं ओरडून सांगितलं की मगच ती आत जायची. मी दिवसभरात मोठ्या आवाजात एवढा एकच शब्द बोलायचे.

मग विहिरीवरून भांडण झालं. आजोबांनी पाण्याची पाळी लावून दिलेली होती, एक आठवडा काकांचा, एक आमचा. तेव्हा वीज मनाला येईल तेव्हा यायची. आता पंपाची वीजही आठवड्याआड बदलते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. दोन्ही गोष्टी अशा जुळून आल्या की आमच्या आठवड्याला कायम रात्रच आली. पप्पांना बॅटरी घेऊन रात्री उसात पाणी भरायला जावं लागायचं. मम्मी जागी राहून दर थोड्या वेळाने फोन लावायची. पप्पांनी काकांना एकदा आठवडा बदलून मागितला. काका म्हणाले, "बापानं लावल्याली पाळी हाय. मी न्हाई मोडायचो." पप्पांनी मग काकांच्या आठवड्यात भरदुपारी मोटार चालू केली. विहिरीवर दोघं काय काय बोलले ते मी खिडकीतून ऐकलं. ते इथे लिहीत नाही.

पुढच्या सोमवारी पप्पा जुन्नरला वकिलाकडे जाऊन दावा लावणार होते. दावा लागला की दोन घरं कायमची तुटतात, हे मी आजूबाजूच्या मळ्यांत पाहिलेलं आहे. लग्नाची पत्रिकासुद्धा जात नाही. काकीच्या ओट्यावर मला पुन्हा कधी बसता येणार नव्हतं.

त्यात काकीचा एक डबा आमच्या मांडणीवर अडकून पडला होता. भांडणाच्या आदल्या दिवशी त्यातून मासवडीचा रस्सा आला होता. शेजारचं भांडं आमच्याकडे रिकामं परत देत नाहीत. रिकामा दिला तर नातं संपलं, आणि भरून दिला तर आपण नमलो. मम्मी तो डबा रोज पुसायची आणि परत तिथेच ठेवायची.

त्याच आठवड्यात आमची गाय व्याली. पहिल्या दिवसाचा चीक भरपूर निघाला. काकांनी बिबट्याच्या भीतीने गाई विकून टाकल्या होत्या, आणि काकांना खरवस किती आवडतो ते सगळ्यांना माहीत होतं. मी मांडणीकडे बघितलं. आमच्याकडे जास्त, त्यांच्याकडे काहीच नाही. खेळात मी याहून अवघड शेजारी वळवले होते.

"मम्मी, काकीच्या डब्यात चीक देऊन येऊ?"

मम्मीने माझ्याकडे पाहिलं नाही. "तुझं तू बघ. मी काय बी ऐकलं न्हाई," असं म्हणून ती गोठ्यात गेली. जाताना चिकाची चरवी मात्र माझ्या हाताशी सरकवून गेली.

दुपारचीच गेले. बिबट्या लांब राहावा म्हणून उसातून जाताना सगळे लावतात तशी फोनवर मोठ्याने गाणी लावली. काका ओट्यावर कांद्याचं बी निवडत बसले होते.

"कोणी धाडलं?" त्यांनी विचारलं.

"गाय व्याली," मी म्हणाले.

"मी गाईचं न्हाई इचारलं."

काकी बाहेर आली, माझ्या हातातला डबा घेतला आणि आत गेली. मी थोडा वेळ उभी राहिले आणि निघाले. फाटकापर्यंत मागून हाक आली नाही.

दुसऱ्या दिवशी डबा विहिरीच्या कठड्यावर ठेवलेला दिसला. उघडला तर आत तळाशी चीक वाळून चिकटलेला, कडेने मुंग्या, आणि बाजरीचे चार-पाच दाणे पडलेले. धुतलासुद्धा नव्हता. मला कानशिलात बसल्यासारखं झालं. खेळात राजा प्रस्ताव नाकारतो तेव्हा त्याचा चेहरा लाल होतो आणि खाली तसं लिहून येतं. इथे उष्टा डबा फेकल्यासारखा आला होता. म्हणजे नकार. मम्मीला तसा दिसू नये म्हणून मी तो मोरीवर नेला, दाणे झटकले, घासून लख्ख केला आणि मांडणीवर भांड्यांमागे पालथा घातला. कोणाला काही सांगितलं नाही. न सांगणं मला चांगलं जमतं.

रविवारी पप्पा कागदपत्रं पिशवीत भरत होते. मम्मीने चहाची पातेली काढताना डबा पाहिला.

"ह्यो कवा आला?"

"परवा. विहिरीवर होता."

"रिकामा?"

"घाण होता. मी धुतला."

"घाण म्हंजी?"

"चीक तसाच वाळलेला. आणि बाजरीचे दाणे पडले होते."

मम्मी चूल सोडून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "दाणे व्हते?"

"चार-पाच."

"आगं येडे!" ती खालीच बसली. "चिकाचं भांडं धुऊन देत न्हाईत. गाईचं दूध आटतं म्हंत्यात. तसंच द्यायचं, वर दाणे टाकून. तिनं आपल्या गाईचं बरं चिंतलंय आन तू घासून ठिवलंस!"

पप्पा दारात आले होते. "बारा वरसं इंग्लिश शाळंत घातली," ते म्हणाले, "आन पोरीला बाजरी वाचता येईना."

मम्मीला हसू आलं. मलाही आलं असतं, पण मला एकच दिसत होतं. काकीने मला उत्तर दिलं होतं, आणि ते मी मोरीत वाहून जाऊ दिलं होतं.

"दाणे तिनं टाकलं," पप्पा म्हणाले. "त्यानं न्हाई."

"बाजरीची कणगी कोणाची हाय? त्याच्यासमोरनंच नेलं असतील ना दाणे," मम्मी म्हणाली.

पप्पांनी हातातली पिशवी खाली ठेवली. मग मी बोलले. कित्येक दिवस मनात घोळवलेलं वाक्य होतं. "पप्पा, पाळी आठवड्याची नको, दिवसाआड करा. एक दिवस त्यांचा, एक आपला. मग दिवसाची वीज पण अर्धी-अर्धी येते आणि रात्रीची पण. आजोबांची पाळी मोडत नाही, फक्त लहान होते."

घरात कोणी पाहुणी बोलावी तसं पप्पांनी माझ्याकडे बघितलं. "हे आधी का न्हाई सांगितलं?"

कोणी विचारलं नव्हतं, एवढंच.

त्या दुपारी मम्मी विहिरीवर गेली, काकीही आली. दोघी कठड्याशी उभ्या राहून बोलल्या. सोमवारी पप्पा जुन्नरला गेले नाहीत. कांदा घेऊन ओतूरला गेले.

आता पाळी दिवसाआड आहे. मोटारीच्या खोलीची चावी खिळ्याला अडकवलेली असते, ज्याचा दिवस तो काढून घेतो. पप्पा आणि काका एकमेकांशी बोलत नाहीत. कदाचित बोलणारही नाहीत. खेळातही असंच होतं, हे मी तेव्हा लक्षात घेतलं नव्हतं. तह झाल्यावर शेजारी राजा शेवटपर्यंत मीठ घेतो, लोकर देतो, आणि त्याखेरीज अवाक्षर बोलत नाही.

डबा मात्र येतो-जातो. मीच नेते. काकी घेते, "काम चाललंय का?" विचारते, मी "चाललंय" म्हणते. काका समोर असतात, म्हणून ती ओट्यावर थांबत नाही. मला बसही म्हणत नाही. मी फोनवर गाणं लावून उसातून परत येते.

परवा दिवस जरा कललेलाच होता. फाटकाशी आल्यावर मी गाणं बंद केलं आणि थांबले. हाक येणार नाही हे मला माहीत होतं. तरी कोणी न विचारता मी ओरडले, "पोचले!"

उसाची पानं तेवढी वाजली. मी फाटक लावायला वळले, तेव्हा पलीकडे काकीच्या पत्र्याच्या दाराची कडी लागल्याचा आवाज आला. तोपर्यंत ते दार उघडं होतं.