प्लग उपटणारे केसरीनाथ

कामतघरच्या भोईरांच्या घरात गेला आठवडाभर सकाळी नऊपासून एकच उद्योग चालला होता. केसरीनाथ भोईर खुर्चीत बसत आणि चालू कॉम्प्युटरचा प्लग उपटत. दिवसातून तीस-पस्तीस वेळा. दुसऱ्या कुठल्या घरात एकाहत्तर वर्षांच्या माणसानं हे केलं असतं तर त्याला डॉक्टरकडे नेलं असतं. इथं नातीनं त्यांना त्यासाठी खास उशी दिली होती.

केसरीनाथांचं शिक्षण सातवी. तेही गणेशपुरीकडच्या अशा शाळेत, जिथं चौथी ते सातवी एकाच ओसरीवर बसायची आणि केसरीनाथ नक्की कुठल्या इयत्तेत आहे हे मास्तरांना दिवाळीपर्यंत उमगत नसे. पुढं अडतीस वर्षं पॉवरलूमवर काढली, त्यातली तीस जॉबर म्हणून. जॉबर म्हणजे लूम बिघडला की पाना घेऊन त्याच्या पोटात शिरणारा माणूस. एवढ्या भांडवलावर त्यांनी नाक्यावर लडकूच्या चहाच्या टपरीत जाहीर करून टाकलं होतं, "मी आता टेस्टिंग ऑफिसर हाय."

"कसली टेस्टिंग?" लडकूनं विचारलं होतं.

"लिनक्सची."

"ती कुठं हाय? अंजूरफाट्याला?"

"अरं, जगभर हाय ती. तुझ्या मोबाइलच्या आतपण हाय."

लडकूनं मोबाइल उलटा करून पाहिला आणि पुन्हा दूध ढवळायला घेतलं.

तर गोष्ट अशी, की केसरीनाथांची नात रंजिता घरी बसून लिनक्सच्या, म्हणजे जगभरची माणसं मिळून घडवतात त्या कॉम्प्युटर चालवणाऱ्या प्रणालीच्या, फाइलसिस्टमचं काम करत असे. डिस्कवर कुठली माहिती कुठं ठेवायची आणि पुन्हा कशी शोधून काढायची याचा सगळा कारभार फाइलसिस्टम पाहते. रंजिताची जी होती ती कॉपी-ऑन-राइट जातीची. म्हणजे जुन्या मजकुरावर कधीच नवा गिरवायचा नाही. नवा मोकळ्या जागी लिहायचा, आणि सगळा नीट लिहून झाला की 'आता खरं हे' एवढी एकच नोंद बदलायची. मधेच लाइट गेली तरी जुनं शाबूत.

केसरीनाथांना हे दोन वाक्यांत कळलं, कारण त्यांनी घरही असंच बांधलं होतं. जुनी खोली न पाडता शेजारी नवीन उभी केली आणि सगळं झाल्यावर देव्हारा उचलून नेला. देव्हारा जिथं, घर तिथं. आता त्यांच्या वेळी गवंड्यानं "झालं, शेट" म्हटलं आणि यांनी उत्साहात देव्हारा हलवून, सत्यनारायण घालून, साठ माणसं जेवायला बोलावली. पंगत बसल्यावर कळलं की स्वयंपाकघराला मागची भिंतच नाही, आणि शेजाऱ्यांची शेळी वरण खातेय. ठकुबाई, म्हणजे केसरीनाथांची बायको, गेली बत्तीस वर्षं ही हकिगत प्रत्येक पाहुण्याला सांगत आली आहे. शेळीचा रंगसुद्धा सांगते.

रंजितानं या देव्हारा हलवण्याच्या कामात सुधारणा केली होती. प्रत्येक वेळी डिस्कला "झालं का?" असं दोनदा विचारून थांबावं लागे, तिनं ते एकावर आणलं. फाइलसिस्टम चांगली दीडपट पळू लागली. सहा महिन्यांचं काम. शुक्रवारपर्यंत ते तपासून पाठवलं तर पुढच्या आवृत्तीत जाणार, नाही तर तीन महिने लटकणार. वरच्या माणसांनी मेल लिहून अट घातली होती: खऱ्या डिस्कवर, लिहिणं चालू असताना, दोनशे वेळा वीज तोडून दाखवा.

त्यासाठी रंजितानं एक यंत्र मागवलं होतं. ते आपोआप, वाट्टेल तेव्हा वीज तोडतं. केसरीनाथांना फार लागलं ते.

"मी घरात असताना यंत्र कशाला? अडतीस वर्षं काय केलं मी? चालू करायचं, बंद करायचं."

"आबा, दोनशे वेळा करावं लागेल. कंटाळाल."

"लूम दिवसातून चारशे वेळा बंद केलाय. तुझी ऑर्डर कॅन्सल कर."

तिनं केली. आजोबांवर विश्वास म्हणा, की यंत्र यायला दहा दिवस लागणार होते म्हणून म्हणा.

काम सोपं होतं. जुनी, खडखडणारी हार्डडिस्क लावलेली, तिच्यावर लिहिणं जोरात चालू. केसरीनाथांनी प्लग काढायचा, दहा अंक मोजायचे, परत लावायचा. मग कॉम्प्युटर उठून स्वतःच सगळं तपासे आणि हिरवी ओळ दाखवी, म्हणजे माहिती शाबूत. लाल आली तर गेली. हिरव्या ओळीमागं केसरीनाथ दाराच्या आतल्या बाजूला खडूनं एक रेघ मारत.

बुधवारी संध्याकाळपर्यंत दारावर दोनशे चार रेघा झाल्या. सगळ्या हिरव्या.

रंजिता खूश झाली. म्हणाली, "आबा, यात चाचणी करणाऱ्याचं नाव घालायची पद्धत आहे. टेस्टेड-बाय, केसरीनाथ भोईर. ते कायम राहतं. पन्नास वर्षांनी कुणी पाहिलं तरी दिसेल."

त्या रात्री केसरीनाथांचं जेवणात लक्ष नव्हतं. रेशनकार्डावर त्यांचं नाव 'केशरनाथ' होतं आणि गिरणीच्या हजेरीबुकात 'केसरी जॉबर'. पूर्ण आणि शुद्ध नाव पहिल्यांदाच कुठंतरी लागणार, तेही जगभर. गुरुवारी सकाळी त्यांनी टपरीवर सगळ्यांना चहा पाजला.

लडकू म्हणाला, "केसरी, तू सायब झालास. आता टपरीत पायरी चढून येशील का खाली वाकून?"

"वाकूनच येईन," केसरीनाथ मोठ्या मनानं म्हणाले. टपरीचं छप्पर एवढं खाली होतं की दुसरा उपायही नव्हता.

घरी आले तो रंजिता कल्याणला गेलेली, दुपारी येणार. शेवटच्या पाच-सहा चाचण्या हौसेनं कराव्यात म्हणून त्यांनी डिस्क चालू केली आणि चष्मा आणायला आत गेले. तेवढ्यात ठकुबाई मिक्सर घेऊन आली. तिला खोबरं वाटायचं होतं आणि स्वयंपाकघरातला सॉकेट सकाळपासून ठिणग्या टाकत होता. तिनं समोर दिसला तो प्लग ओढून काढला, मिक्सर लावला, खोबरं वाटलं, प्लग परत होता तिथं लावला.

केसरीनाथ चष्मा लावून आले तेव्हा पडद्यावर लाल ओळ होती.

त्यांनी चष्मा पुसला. लाल होती.

"कुणी हात लावला?"

"मी. चटणी करायची होती."

"अगं, असा काढतात का प्लग?"

"मग कसा काढतात? मंत्र म्हणून?"

"आधी आयकायचं. डिस्क करकर करकर करते, मग टक होतं, मग जरा शांत होते. तवा काढायचा. मधेच काढला तर..."

केसरीनाथांनी दाराकडं, खडूच्या रेघांकडं पाहिलं.

ठकुबाई वाटीत चटणी काढत म्हणाली, "तर काय? रंजीनं तर सांगितलेलं, कवाबी काढा म्हणून."

केसरीनाथ खुर्चीत बसले. उशीवर.

अठरा वर्षांचे असताना ते निजामपुऱ्यात मकबूल उस्तादांच्या हाताखाली लागले होते. पहिल्याच आठवड्यात त्यांनी चालू लूमचं हँडल ओढलं तेव्हा शटल, म्हणजे आडवा धागा नेणारा धोटा, ताण्याच्या उभ्या धाग्यांत मधोमध होतं. पुन्हा चालू करताच फणी त्याच्यावर आदळली आणि चारशे धागे तटातट तुटले. उस्तादांनी मारलं नाही. फक्त म्हणाले, "बेटा, शटल जब तक घर ना पहुँचे, हँडल को हाथ मत लगाना. अब बैठ और जोड." चारशे धागे जोडायला दीड दिवस लागला. तेव्हापासून केसरीनाथांचा हात कानाला विचारल्याशिवाय हलला नाही. शटल कडेच्या आपल्या पेटीत पोचल्याचा खट ऐकू आला की हँडल. अडतीस वर्षं. गिरणीत त्यांच्या या हाताची ख्याती होती: केसरीनं बंद केलेल्या लूमचा धागा तुटत नाही.

आणि याच हातानं ते आठवडाभर प्लग उपटत होते. डिस्कचं शटल घरी पोचलं की मग. दोनशे चार वेळा त्यांनी फाइलसिस्टमला अगदी जपून, मायेनं, काहीही इजा होणार नाही अशा बेतानं मारलं होतं.

ती लाल ओळ मोजायची नाही, असा एक विचार येऊन गेला. बाईमाणसानं मिक्सरसाठी काढलेला प्लग, ती काय चाचणी? दारावर दोनशे चार रेघा होत्या. उद्या शुक्रवार. नाव लागणार होतं. लडकूच्या टपरीत चहा पाजून झाला होता, आणि पाजलेला चहा काही परत घेता येत नाही.

त्यांनी डिस्क पुन्हा मांडली आणि शांत झाल्यावर प्लग काढला. हिरवी. मग डोळे मिटले, दात आवळले आणि करकरीनंतरचा टक ऐकू येताच, शटल मधोमध असतं त्या वेळी, हात ओढला. हाताला ते पटत नव्हतं. मनगट अक्षरशः मागं सरत होतं.

लाल.

दुपारी रंजिता आली तेव्हा आजोबा दारातच उभे होते.

"रंजे, त्या दोनशे चार पुसून टाक. एकपण खरी न्हाय."

तिनं सगळं ऐकून घेतलं. शटल, उस्ताद, चारशे धागे, मिक्सर, चटणी. मधे एकदा कपाळाला हात लावला. हे उद्या गेलं असतं तर कुणाच्या लग्नाचे फोटो, कुणाचा प्रबंध, लाइट जाताच उडाला असता, आणि वर नाव रंजिताचं.

"शिव्या दे," केसरीनाथ म्हणाले. "पण काहीतरी बोल."

"आबा, तो टक तुम्हाला दर वेळी ऐकू येतो?"

"आता बहिरा झालो तरी आयकू येईल."

"आणि नेमका त्याच वेळी प्लग काढता येईल?"

"ते तर पाप हाय. पण येईल."

मग त्या दुपारी केसरीनाथांनी आयुष्यभराचं पुण्य बुडवलं. दहा वेळा टक ऐकून प्लग ओढला, नऊदा लाल. रंजिता म्हणाली, यंत्रानं वाट्टेल तेव्हा तोडलं असतं तर एवढ्याशा फटीत ते शंभरातून एखादवेळी सापडलं असतं. इथं दोष हवा तेव्हा हजर होत होता, आणि हजर झालेला दोष पकडायला तिला चार तास पुरले. डिस्क "झालं" म्हणत होती खरी, पण मजकूर अजून तिच्या हातातच होता, पाटीवर उतरलाच नव्हता. आणि तो उतरण्याआधीच देव्हारा हलत होता.

"म्हणजे गवंडीच," केसरीनाथ म्हणाले.

"आणि शेळी," आतून ठकुबाई म्हणाली.

काढून टाकलेलं एक थांबणं रंजितानं परत घातलं, पण फक्त अगदी गरजेच्या जागी. दीडपट वेगाचा सव्वापट झाला. शुक्रवारी पहाटे चारपासून पुन्हा दोनशे चाचण्या, या वेळी न थांबता. साठ केसरीनाथांनी नेमक्या वाईट क्षणी केल्या. उरलेल्या एकशे चाळीस ठकुबाईनं. कधी भाकरी थापता थापता येऊन, कधी मालिकेच्या जाहिरातीत, कधी नुसतं जाता जाता, डिस्ककडे ढुंकूनही न बघता. एकही लाल आली नाही. संध्याकाळी सहाच्या आत रंजितानं सगळं पाठवून दिलं.

सोमवारी ते स्वीकारल्याचा मेल आला. रंजितानं ओळी मोठ्या अक्षरांत छापून दिल्या. केसरीनाथ कागद घेऊन टपरीवर गेले, वाकून आत शिरले.

"रिपोर्टेड-बाय, केसरीनाथ भोईर," त्यांनी वाचलं. "म्हणजे चूक कुणी कळवली, ते."

"चूक कुणाची होती?" लडकूनं विचारलं.

"थोडी डिस्कची. बरीचशी माझी."

"आणि खाली काय लिहिलंय?"

केसरीनाथांनी कागद जरा लांब धरला. चष्मा होता, तरीही.

"टेस्टेड-बाय, ठकुबाई भोईर."

लडकूनं दोन चहा गाळले. एक त्यांच्यापुढं ठेवला आणि दुसरा प्लास्टिकच्या पिशवीत ओतून वर रबर बांधलं.

"हा ऑफिसरीणबाईंना ने," तो म्हणाला. "सांडू नको वाटेत."