ओहायोपर्यंतचा नवस

सांगूनच टाकतो: ही ट्रिप मी पुण्य कमवायला काढली होती. त्यात आम्ही नगरचे ख्रिस्ती, पुण्य कमावता येतं असं न मानणारे, म्हणजे ही कबुली आणखीच लाजिरवाणी.

दोन वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हा व्हिसाच्या भानगडीत मी इथेच, अमेरिकेत ट्रॉयमध्ये अडकून पडलो. त्यानंतर प्रार्थनेला बसलं की आत नुसतं सुनंसुनं. पप्पांना हे सांगायची हिंमत नव्हती. चाळीस वर्षं चर्चचे पाळक होते ते. या उन्हाळ्यात ते आले आणि मी ठरवलं, आजीला नगरच्या मिशन शाळेत शिकवणाऱ्या अमेरिकन मिसबाईंची कबर ओहायोत आहे, तिथे त्यांना न्यायचं. एवढं केलं की माझा विश्वास परत येईल, असा मनातल्या मनात सौदा.

शनिवारी सकाळी सहाला निघालो. आय-७५ हायवे सरळ दक्षिणेला, टोल नाही. पण रस्त्याची कामं इतकी की चार तासांचे सात झाले आणि पाठीचा भुगा. लायमा गावाच्या पुढे रेस्ट एरियात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. जाणार असाल तर डबा न्याच, वाटेत बर्गरशिवाय काही मिळत नाही.

"कर प्रार्थना," पप्पा म्हणाले. आमच्यात घास घेण्याआधी घरच्या कर्त्याने, म्हणजे इथे मी, प्रार्थना करायची असते.

"तुम्हीच करा पप्पा, ड्राइव्ह करून दमलोय." आठवडाभर माझ्या अशाच सबबी चालल्या होत्या.

कब्रस्तान मक्याच्या शेतांमध्ये आहे. सावली नाही, डास भरपूर. कबरीवरच्या पुसट अक्षरांवर हात ठेवून पप्पा उभे राहिले. मी वाट बघत होतो. काही झालं नाही. पाय तेवढे दुखत होते. मग माझा धीरच सुटला.

"पप्पा, माझा विश्वास उरलेला नाही. वाटलं, तुम्हाला इथे आणलं की परत येईल."

पप्पा चक्क हसले. "म्हणजे नवस केलास? पाळकाचा पोरगा ना तू?" मग गवतावर बसले. "तुझी आई गेली तेव्हा माझाही गेला होता. कित्येक महिने लोकांच्या प्रार्थनेला नुसतं आमेन म्हणायचो."

"मग काय केलंत?"

"काही नाही रे. एक दिवस भांडी घासत होतो, तर होता. कृपा आहे ती, कमाई नाही. देव देतो तेव्हा देतो."

मुक्काम डेटनजवळच्या मोटेलात. ऐंशी डॉलर, गादी खड्ड्याची. सकाळी नाश्त्याच्या वॅफलवर पप्पांनी मला न विचारता स्वतःच प्रार्थना केली. मला रडू आलं.

परवा ते नगरला परतले. विश्वास आलेला नाही, खोटं कशाला बोलू? पण हल्ली ऑफिसात डबा उघडला की पहिला घास लगेच घेत नाही. हात मांडीवर ठेवून थोडा वेळ थांबतो. भाजी गार होते. होऊ दे.