पाणवठ्याचा भावार्थ

शाळेत मुलं त्यांना पाठीमागे ‘भावार्थबाई’ म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं, आणि राग तर सोडाच, मनातून बरंच वाटे. कविता कुठलीही असो, बाई ती एकदा चालीत म्हणून दाखवणार, वर्गाकडून एकसुरात म्हणवून घेणार आणि मग चष्मा नाकावर सरकवून म्हणणार, "हं, लिहा. भावार्थ." अर्थ तोंडात तयार. वर्षानुवर्षं तोच, एका शब्दाचा फरक नाही. त्यांच्या वर्गातलं कुणी भाषेत नापास झालं नाही, हे खरं. पण कविता म्हणजे काय औषधाची गोळी आहे, पाण्याबरोबर गिळून टाकायला? हे त्यांना विचारणार कोण!

तशा बाई वाईट नव्हत्या हो. नवऱ्याचं लांबलेलं आजारपण काढलं, दोन मुलं एकटीने मार्गी लावली, शाळेला कधी उशीर नाही की स्टाफरूममध्ये कुणाशी तंटा नाही. "आपण बरं, आपलं काम बरं," हे त्यांचं लाडकं वाक्य. याच वाक्यावर त्यांची सगळी नोकरी निभावली होती, आणि आता निवृत्तीही जवळ आली होती.

त्यांच्या सातवीच्या वर्गात एक मुलगी होती. घरी तिला चिऊ म्हणत, आपणही तेच म्हणू. तिच्या मानेवर आणि हातांवर पांढरे कोडाचे डाग होते. मुलांनी त्यावर एक खेळ काढला होता. चिऊचा ज्याला धक्का लागेल त्याला ‘डाग’ लागला. त्याने धावत जाऊन तो दुसऱ्याला द्यायचा, दुसऱ्याने तिसऱ्याला. "गेला, गेला, माझा गेला!" असा गिल्ला करत पोरं मैदानभर पळत. छळणारे दोघं-तिघंच असतात म्हणतात ना? इथे सगळा वर्ग खेळत होता, आणि जी खेळत नव्हती ती कडेला बसून डबा खात होती.

स्टाफरूमची खिडकी थेट मैदानावर. मधल्या सुट्टीत बाई तिथे चहा घेत. आधी त्यांना वाटलं, पकडापकडी चाललीय. मग एक दिवस ‘डाग’ हा शब्द स्पष्ट ऐकू आला. बाई उठल्या आणि ऊन येतं म्हणून खिडकी लावून घेतली. काचेतून दिसायचं ते दिसतच राहिलं. कळत होतं, पण वळत नव्हतं, दुसरं काय!

त्या दिवशी कविता होती पाणवठ्याची. भर उन्हात एक पाडस काठच्या चिखलात रुतलंय. म्हशी येतात, माकडं येतात, मोर येतो. प्रत्येक जण पाडसाकडे एकदा पाहतो, पाणी पितो, निघून जातो. संपली कविता. बाईंनी चष्मा सरकवला. "लिहा. या कवितेतून कवीने पाण्याचे महत्त्व..."

तेवढ्यात चिऊने हात वर केला. वर्षभरात पहिल्यांदा.

"बाई, त्या पाडसाला कुणी बाहेर का नाही काढलं?"

"अगं, जनावरं ती. त्यांना काय कळतंय?"

"मग प्रत्येकाने एकदा पाहिलं, असं कशाला लिहिलंय?"

मागून कुणीतरी फिसकन हसलं. बाईंनी आपल्या तयार अर्थांमध्ये शोधाशोध केली, पण याचं उत्तर तिथे नव्हतं. "हे परीक्षेला येत नाही. बस खाली," त्या म्हणाल्या. "हं, पाण्याचे महत्त्व पटवून दिले आहे. पूर्णविराम."

सुट्टीत त्या कप घेऊन नेहमीच्या खुर्चीत बसल्या. बाहेर पळापळ सुरू झाली. मधोमध चिऊ, दोन्ही हात अंगाशी घट्ट धरून, कुणाला चुकूनसुद्धा लागू नये म्हणून. बाईंनी एकदा पाहिलं, कप ओठाला लावला आणि न पिताच खाली ठेवला. अगं बाई गं! एवढी वर्षं ही कविता शिकवली आणि तिच्यात पाण्याचं महत्त्व सापडलं? ती तर पाणी पिऊन जाणाऱ्यांची कविता होती. बाईंना स्वतःची इतकी लाज वाटली की कान तापले. त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या, आणि घंटा झाली. ‘उद्या बोलू,’ असं म्हणून त्यांनी खडू-डस्टर उचललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिऊची आई शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी अर्ज घेऊन हेडसरांच्या समोर बसली होती. पोरगी रात्री जेवली नव्हती, आता शाळेत यायचंच नाही म्हणत होती.

"अहो, मुलं आहेत, चेष्टामस्करी चालायचीच," हेडसर समजावत होते. बाईंना पाहून त्यांना हायसं वाटलं. "या बाईंच्या वर्गाची आजवर एक तक्रार नाही. काय बाई, तुमच्या पाहण्यात असलं काही आलंय?"

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. निवृत्ती तोंडावर, शाल-श्रीफळ ठरलेलं.

"आलंय, सर. रोज आलंय."

"बाई, नीट विचार करून..."

"मी रोज खिडकीतून बघत होते. कुणाला काही बोलले नाही. चूक माझी आहे."

आई खुर्चीतून अर्धवट उठली. "बघत होतात? आणि काय करत होतात हो तुम्ही?"

"चहा पीत होते," बाई म्हणाल्या.

चिऊ बाहेर बाकावर बसली होती; तिचं दप्तर आदल्या दिवशी वर्गातच राहिलं होतं. ते आणायला बाई चिऊबरोबर जिना चढल्या. अर्ध्या जिन्यात थांबल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा एका विद्यार्थिनीसमोर हात जोडले. "मला माफ कर गं पोरी. मला दिसत होतं."

"मला माहीत होतं, बाई," चिऊ म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच बाईंना जास्त लागलं. "म्हणून तर मी रोज त्या खिडकीसमोर येऊन उभी राहायचे."

बाई घाईने म्हणाल्या, "आता नाही होऊ देणार. मी स्वतः मैदानात उभी राहीन. थांबशील?"

चिऊने खरंच विचार केला. मग नकारार्थी मान हलवली.

"काल विचारलं असतंत तर थांबले असते."

ती वर गेली, दप्तर घेऊन आली आणि बाईंना धक्का लागू नये म्हणून भिंतीला चिकटून खाली उतरली.