बाहुलीवाल्या ताई

वर्ग सुरू करताना त्या दाराजवळच्या पुरुषाच्या हातात बाहुली देत. साडीच्या चिंध्यांची, आत ज्वारी भरलेली, वजन अडीच किलो. "मान सांभाळा," एवढंच सांगत. बाहुलीची मान मागे लवंडली की बायका हसत आणि ताई म्हणत, "ही रडत नाही म्हणून बरं."

डिंडोलीतल्या एका हॉलमध्ये त्या गरोदर बायकांचा आणि नव्या आईबापांचा वर्ग घेत. पुरुष कामाला जात ते कापडाचे लूम बंद असतील तोच वार धरत, कारण बाप यायलाच हवेत हा त्यांचा हट्ट. कोणी एकटी आली तर विचारत, "आणि हे कुठे? बाळ तू एकटीनेच आणलंस का?" सासवांना पुढच्या रांगेत बसवत. "शिकवते मी, पण घरी परीक्षा ह्याच घेतात." मुलाकडे अमळनेरला त्या कायमच्या गेल्या, त्याला आता वर्ष झालं.

त्या इथे होत्या तेव्हाच आमची मुलगी, दिवस भरायच्या महिनाभर आधी, जन्मली. वजन एक किलो नऊशे. तिला कोणाच्या तरी उघड्या छातीशी धरून ऊब द्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. बायकोला तापाने ग्लानी होती. मी शर्टाला हात घातला तशी माझी आई आडवी आली. "पाचवी व्हऊ दे. तोवर बापनी पोरले हात लावाना नही."

तिच्या आईपासून चालत आलेली रीत होती. आम्ही दोघं ताईंच्या वर्गाला जात होतो; मी त्यांना फोन केला.

ताई तासाभरात दवाखान्यात आल्या. त्या आईला सुनावतील असं मला वाटलं होतं. त्या तिच्याशेजारी बसल्या.

"आजी, पाचवीला सटवी येऊन काय करते?"

"पोरीचं नशीब लिहिते."

"आज दुसरा दिवस. तोवर पोर टिकायला हवी ना? पाय बघा तिचे."

आईने पाय चाचपले. ते गार होते. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "शर्ट काढ. काय देखी ऱ्हायना?"

तिनेच मुलीला माझ्या छातीवर ठेवलं आणि वरून आपली शाल गुंडाळली. ताईंनी मुलीची मान एका बाजूला वळवून दिली आणि त्या गेल्या. संध्याकाळपर्यंत पाय कोमट झाले.

पाचवीलाही आम्ही दवाखान्यातच होतो. आईने स्टुलावर हळदकुंकू, कोरा कागद आणि पेन मांडलं. मुलगी माझ्या अंगावर झोपली होती. आईने हात जोडले आणि माझ्या छातीकडे मान करून सटवीला सांगितलं, "पोर बापना आंगवर शे. आठेच लिखी जाय."