घसरू नये अशी फरशी

शीळ रोडच्या टाइल्सच्या दुकानात आईने चपला काढल्या, साडी घोट्याच्या वर धरली आणि सेल्समनला म्हणाली, "थोडं साबणाचं पाणी मिळेल का?"

तो गडबडला. "आजी, ही अँटी-स्किड आहे. स्विमिंग पूलला लावतात."

"लावू देत. मला पाणी द्या."

मी आधीच वैतागलेले. कोपरहून रिक्षाने हाडं खिळखिळी करून आलेलो, दुकान तिसरं, आणि ही शहात्तर वर्षांची बाई ओल्या फरशीवर अनवाणी. बरं, नुसती उभी राहून बघेल तर शपथ. पाय ठेवायची आणि मुद्दाम टाच पुढे ओढायची. सरकली की फरशी नापास. असे सात-आठ नमुने झाले. शेवटी एका राखाडी, किसणीसारख्या खरबरीत फरशीवर तिची टाच अडली.

"इथे अडेल ह्यांचा पाय," ती म्हणाली.

ह्यांचा म्हणजे बाबांचा. बाबांना जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. मी सेल्समनला माप लिहून दिलं.

कोपरला आमचं बैठं घर आहे. मागे लहानसं अंगण, त्यात नळ आणि तुळस. तिन्ही बाजूंना बिल्डिंगा उठल्यापासून तिथे ऊन म्हणून येत नाही, सकाळी सांडलेलं पाणी संध्याकाळी तसंच. जुनी शहाबादी फरशी होती, दिसायला ओबडधोबड, पण पाय धरून ठेवायची. तिला पॉलिश मारायचं खूळ माझं. भाचीचा साखरपुडा घरीच करायचा ठरला आणि अचानक मला ते अंगण गावठी वाटायला लागलं.

बाबा म्हणाले, "अगं, अंगण ते! दिवाणखाना आहे का चकाकायला?"

"बाबा, तुम्हाला यातलं काही कळत नाही. तुम्ही पेपर वाचा." हे मी म्हणाले. वडिलांशी शेवटच्या महिन्यात मी काय काय बोलले ते विसरले, एवढं मात्र शब्दन् शब्द पाठ आहे.

साखरपुड्यात सगळ्यांनी अंगणाचं कौतुक केलं. तीन आठवड्यांनी बाबा सकाळी तुळशीला पाणी घालायला गेले. आतून मला आधी सप्प असा आवाज आला, मग तांब्या पडल्याचा. तांब्या बराच वेळ गडगडत राहिला. बाबा तिथेच गेले, नळाजवळ.

माणूस जिथे जातो तिथे आमच्याकडे दिवा लावतात, भोवती पीठ पसरतात आणि वर टोपली उपडी घालतात. दुसऱ्या दिवशी टोपली उचलून पिठात कसलं पाऊल उमटलंय ते बघायचं. पाखराचं, गाईचं, माणसाचं. गेलेला कुठल्या जन्माला गेला ते त्यावरून कळतं म्हणे. माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. आईने टोपली उचलली, वाकून पाहिलं, आणि बाकीचे पुढे व्हायच्या आत हाताने पीठ सारखं करून टाकलं. "काही नाही उमटलं," म्हणाली.

त्या दिवसापासून ती अंगणात भिंतीला धरून चालायची. नळाजवळच्या जागेवर रोज संध्याकाळी गोणपाट अंथरायची, आणि सकाळी ते जागेवर नसायचं. पुढे सरकलेलं, पायाखालून निसटावं तसं. "मांजर असेल," मी म्हणायचे. आई हो म्हणायची नाही की नाही म्हणायची नाही. एकदा मी चिडून दोन टोकांवर दोन विटा ठेवल्या. सकाळी विटा जागच्या जागी, आणि मधोमध गोणपाट रेटून गोळा झालेलं. हे मी कुणाला सांगितलं नाही. पण नंतर माझ्या लक्षात आलं, की मीही भिंतीच्या कडेनेच चालते. तोंडाने कितीही शहाणी असले तरी पाय काही माझं ऐकत नव्हते.

वर्षश्राद्ध झालं आणि आई म्हणाली, "मला आता एकच कर. ती फरशी बदल."

मिस्त्री दिवा गावातून यायचा. शहाबादी निघाली, राखाडी फरशी बसू लागली. प्रत्येक फरशी तो हातोड्याच्या दांड्याने वाजवून बघायचा. खाली पोकळी राहिली असेल तर आवाजावरून कळतं. नळाजवळची एक त्याने दोनदा उखडून पुन्हा बसवली, तरी ती पोकळच वाजली. "सिमेंटचा माल तर पोटभर टाकला, ताई," तो म्हणाला. "जातो कुठे तेच कळत नाही." तिसऱ्यांदा बसली एकदाची.

काम संपलं त्या संध्याकाळी आई पिठाचा डबा, पणती आणि मोठी टोपली घेऊन अंगणाकडे निघाली. माझं डोकंच सणकलं.

"आई, वर्ष झालं! झालं गेलं गंगेला मिळालं. आता हे काय नवीन?"

ती पायरीवर बसली. "त्या दिवशी उमटलं होतं गं. तुला सांगितलं नाही. टाच होती, आणि टाचेपासून पुढे लांब रेघ. घसरल्याची. गेल्यावरसुद्धा घसरतच होते ते."

"माझ्यामुळे," मी म्हणाले. वर्षभरात पहिल्यांदा तोंडातून निघालं. मला वाटलं, ती नाही म्हणेल. आई आहे, म्हणायला काय जातं?

"म्हणूनच तर फरशी बदलली," ती म्हणाली, आणि पीठ पसरायला लागली.

सकाळी मी उठले तेव्हा ती चहा टाकत होती. "टोपली तूच उचल," मागे न बघता म्हणाली. "मला नाही बघवणार."

पणती विझली होती. पिठात दोन पावलं होती. शेजारी शेजारी, बोटं घराच्या दाराकडे, कुठे रेघ म्हणून नाही. डावं उजव्यापेक्षा बरंच मोठं दिसत होतं, पण पीठ पसरलं असेल असं मला वाटलं. मी तिथेच बसून हमसून हमसून रडले. मग पीठ गोळा करून तुळशीत घातलं आणि आत येऊन सांगितलं, "बाबा नीट उभे आहेत, आई."

"बरं झालं," ती म्हणाली. चहात साखर घालायला मात्र विसरली.

दुपारी ती आडवी झाली आणि मी तिच्या पायांना तेल लावायला बसले. उजव्या टाचेच्या भेगांमध्ये पीठ भरलेलं होतं. माझ्यासाठी केलं होतं म्हातारीने, मी उठायच्या आत. मला रागच आला.

"काय गं, या वयात नसते उद्योग! दोन्ही पाय घालून त्या पिठात उभी राहिलीस? तोल गेला असता म्हणजे?"

चोरी पकडल्यासारखी हसली. "मग काय करू? तू किती दिवस मनाला लावून घेणार? म्हटलं, एक पाऊल दाखवू पोरीला. नळाला धरलं, उजवा पाय ठेवला नि उचलला." बोलता बोलता तिचं हसू गेलं. "दोन्ही कुठले गं? मी एकच ठेवला होता."

मी तिचा डावा पाय हातात घेतला. भेगांमध्ये पिठाचा कणसुद्धा नव्हता.

अंगणाकडचं दार उघडंच होतं. ते उठून लावावं असं दोघींनाही वाटलं नाही.

"ते दुसरं," आईने हळूच विचारलं, "घसरलेलं नव्हतं ना?"

"नाही गं," मी म्हणाले. "घट्ट उभं होतं."